दोन

डॉक्टरांनी विचारलं, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही, तर आजी, तुमचं किती? आई म्हणाली, दोन. चहात साखर किती असं विचारल्यावर सांगावं, तसं.

मग त्यांनी गुडघ्याच्या आतल्या बाजूला अंगठा दाबला, तेव्हा तिने माझं मनगट एवढं घट्ट धरलं की बांगडी रुतली. तोंडातून आवाज नाही.

इंजेक्शनचं मला वाटलं होतं तेवढं काही झालं नाही. वाटीच्या बाजूने सुई गेली, 40 मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन हे स्टेरॉइड आणि त्यात भूल देणारं लिग्नोकेन. पाचेक मिनिटांत आई टेबलावरून उतरली. रिक्षापर्यंत माझा हात न धरता चालत गेली, आणि मला एकदम भरून आलं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की हा आराम लिग्नोकेनचा, काही तासांत ओसरेल. खरा गुण स्टेरॉइडचा, त्याला काही दिवस लागतात. मधे एखाददोन दिवस जास्तसुद्धा ठणकेल, आणि साखर वाढेल, तिच्यावर लक्ष ठेवा. पुढचं इंजेक्शन तीन महिन्यांच्या आत नाही.

संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते आणि आई बाहेरच्या खोलीत नंदामावशीशी फोनवर बोलत होती. "अगं, दिवाळीपासून कुशीवर झोपता येत नाही. रात्री दोन-तीनदा उठून बसते." एवढं स्पष्ट, एवढं सरळ. मी त्याच घरात झोपते. भिंतीपलीकडे.

तेव्हापासून तेच डोक्यात घुमतंय. मावशीला सांगता येतं. डॉक्टर परके, त्यांच्यासमोर माणूस संकोचतो, हे मी समजू शकते. पण मी? तिच्या गोळ्यांचा डबा मी भरते, तारखा मी लावते, रजा मी टाकते. दादा पुण्याहून फोनवर "काळजी घे" म्हणतो आणि त्याचं तिला कौतुक. जाऊ दे, तो विषय आज नको.

जेवण झाल्यावर या इंजेक्शनांबद्दल वाचत बसले. 2017 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता. गुडघ्याच्या संधिवाताचे 140 रुग्ण, दर बारा आठवड्यांनी इंजेक्शन, दोन वर्षं. निम्म्यांना हेच ट्रायमसिनोलोन, निम्म्यांना नुसतं सलाईन. स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरची गादी, जास्त झिजली, आणि दुखण्यात दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नाही. वाचून पोटात गोळा आला. पण मग दुसरंच मनात आलं. कूर्चा मोजली एमआरआयने, मिलिमीटरच्या अंशांपर्यंत. दुखणं मात्र माणसांना विचारूनच नोंदलं, त्याला दुसरं साधनच नाही. म्हणजे एवढ्या मोठ्या अभ्यासातसुद्धा शेवटी कुणीतरी सांगितलेलाच आकडा. त्या 140 जणांत आईसारख्या किती असतील?

मला राग कशाचा आला, हे आता जरा कळतंय. तिने लपवलं याचा नाही तेवढा. तिचं दुखणं खरं किती होतं, हे मला आता कधीच कळणार नाही, याचा. आज ते कमी होईल, पुढच्या आठवड्यात आणखी कमी होईल, आणि कशावरून कमी झालं हे तिच्या एकटीकडेच राहील. अप्पांच्या वेळीही असंच झालं होतं.

ती मला का सांगत नाही, हेही खरं तर मला माहीत आहे. मावशी ऐकते आणि म्हणते, "माझंही तसंच गं." मग दोघी बोरांच्या भावावर येतात. मला सांगितलं की मी लगेच उठते, फोन फिरवते, नंबर लावते. माझ्यापुढे नुसतं दुखतंय म्हणायची सोयच नाही तिला. ती सहा म्हणाली असती तर त्याच रात्री मी गाडी काढली असती, आणि तिला ते पुरतं ठाऊक आहे.

आत्ता उठून बघून आले. जागीच होती. ठणकतंय का विचारलं, तर म्हणाली, "थोडं." मी यावेळी डॉक्टरांचं नाव काढलं नाही. पायाशी बसले, बर्फाची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून गुडघ्यावर धरली. बऱ्याच वेळाने म्हणाली, जिना उतरताना फार लागतं, चढताना तेवढं नाही. मी "हो का" एवढंच म्हटलं.

मावशीला मघाशी मेसेज केला होता, आई खरं काय ते तुलाच सांगते, मलाही कळवत जा. तिचं उत्तर आलंय: कळवीन, पण तिला सांगू नकोस. मी हो लिहिलं. सकाळी उपाशीपोटी साखर बघायची आहे.