पाट्यांवरची काउर्ना आणि आपला ळ

ऑस्ट्रेलियात ॲडलेडला राहणाऱ्या आपल्या लोकांना हे बहुतेक कुणी सांगतच नाही. दक्षिणेकडे ड्राइव्हला निघालं की पाट्या लागतात ना, नोरलंगा, अल्डिंगा, विलंगा, मायपोंगा, ही सगळी काउर्ना लोकांच्या, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, भाषेतली नावं आणि शेवटचं ते 'ंगा' म्हणजे चक्क सप्तमीचा प्रत्यय! नकाशावर पुणे न छापता 'पुण्यात' छापावं तसं. युरैडला नावाचं गाव डोंगरात आहे, त्याच्या मूळ रूपाचा अर्थ 'दोन कान'. एका राक्षसाचा देह म्हणजे ही डोंगररांग अशी कथा आहे, आणि त्या नावात संस्कृतसारखं द्विवचन अजून शाबूत आहे बघा.

ही भाषा अस्खलित बोलणाऱ्या शेवटच्या बाई इवारित्जी, त्या 1929 ला गेल्या असं मानतात. रोजच्या बोलण्यातून तर भाषा त्याच्या बरीच आधी गेली होती. मग 1990 च्या आसपास काउर्ना लोकांनी ती परत उभी करायला घेतली तेव्हा मुख्य आधार काय, तर टाइखेलमान आणि श्यूरमान या दोन जर्मन मिशनऱ्यांनी 1840 ला छापलेलं व्याकरण आणि साधारण 2000 शब्द. तेवढ्यावर भाषा कशी चालणार? म्हणून जुने सर्व्हे नकाशे, वसाहतवाल्यांच्या डायऱ्या, टिंडेल नावाच्या संशोधकाची नावांची कार्डं, असं सगळं धुंडाळून एकेक नाव नकाशावर बसवायचं काम चाललंय. ते किचकट आहे कारण इंग्रजांनी जसं कानावर पडलं तसं लिहिलंय, एकाच जागेची चार स्पेलिंग, आणि नाव नक्की टेकडीचं की ओढ्याचं हेही कुठे लिहिलेलं नाही.

आता आपला भाग. काउर्नामध्ये ट, ण, ळ आहेत! इंग्रजी बोलणाऱ्यांची यातच दांडी उडते, रोमनमध्ये त्यासाठी आर लावून लिहितात आणि लोक तो आर बिचारा वेगळा वाचतात. नदीकाठी 1839 ला मिशनऱ्यांनी जिथे शाळा काढली त्या जागेचं नाव पिळ्टावाड्ळी, म्हणजे पॉसमचं (झाडावर राहणारा एक छोटा प्राणी) घर. आपल्याला जमतं की नाही सहज? (वाड्ळी म्हणजे घर, पण त्याचा आपल्या वाडीशी काडीचा संबंध नाही, प्लीज व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड करू नका.)

काही जण म्हणतात की नुसत्या पाट्या लावून भाषा थोडीच जगते. अर्धं बरोबर आहे, सरकारी पाटीवर दुसऱ्या ओळीत नाव टाकलं की काम झालं असं समजणारे आहेतच. पण शहराच्या मधल्या व्हिक्टोरिया स्क्वेअर चौकाचं टार्न्टान्यांगा हे नाव 2002 पासून अधिकृत आहे आणि ट्रॅमची वाट बघणारा माणूस ते वाचतो, अडखळतो, कुणाला तरी विचारतो. शब्दकोश कोण उघडतो हो रोज?

मला एक मात्र पटतं, की जुनी नावं आणि आता नव्याने ठेवलेली नावं वेगळी दाखवायला हवीत. शहराभोवतीच्या पार्कांना काउर्ना नावं दिलीत, छान आहेत, पण त्यातली बरीच आत्ताची आहेत, ती 1836 च्या, म्हणजे इंग्रजांची वसाहत व्हायच्या, आधीची म्हणून खपवली तर पुढे अभ्यास करणाऱ्यांची पंचाईत होणार. आणि ज्या नावाची जागा सापडतच नाही ते अंदाजाने कुठेतरी चिकटवू नये, सरळ 'जागा माहीत नाही' असं लिहून यादीत ठेवावं.