तुळईचं टोक

देवगडजवळच्या एका घरी मला बोलावलं होतं ते माळ्यावर खोली काढून द्यायला. मालक मुंबईचे. गणपतीत सगळी भावंडं गावी येतात, पोरांना निजायला जागा पुरत नाही. अडीच लाखांत करून द्या, असं फोनवरच सांगून झालं होतं. मी पोचलो तर फरशीचे खोके खळ्यात रचून ठेवलेले.

घर जुनं, जांभ्या चिऱ्याचं. मालकांच्या काकी एकट्या राहतात, त्यांची खाट माजघरात. शिडीने वर गेलो. 20 बाय 15 फुटांचा माळा, भाताची पोती, नारळ, जुनी भांडी. आढ्याखाली उंची 9 फूट, कडेला जेमतेम 3. टेप लावून मालकांना दाखवलं, की सहा फुटी माणूस ताठ उभा राहील असा पट्टा मधला साडेसात फुटांचाच. म्हणजे 300 चौरस फुटांचा खर्च करायचा आणि त्यातले निम्मेच वावरायला मिळायचे. हे आधीच कोणीतरी सांगायला हवं होतं. कडेची जागा कपाटांना, गाद्यांना वापरू, असं ते म्हणाले. ठीकच होतं.

मग मी तुळया ठोकून बघायला लागलो. पहिल्या तीन खणखणीत वाजल्या. समुद्राकडच्या भिंतीजवळची चौथी बद्द वाजली. जिथे तिचं टोक चिऱ्यात शिरतं तिथे स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर नुसता भुगा. पाचवीचंही तेच. मधला भाग मात्र शाबूत, वरून बघणाऱ्याला काही कळू नये असा.

तौक्ते वादळात, मे 2021 मध्ये, त्या बाजूची कौलं उडाली होती. ताडपत्री टाकून दोन महिने काढले, पाणी भिंतीच्या माथ्यावरून मुरत राहिलं. चिरा पाणी धरून ठेवतो आणि त्याच्या पोटात बसलेलं लाकूड वाळतच नाही. काकी खालून म्हणाल्या, "चुलीचो धूर होतो तवसर भुंगो लागाक नाय." गॅस आल्याला पंधरा वर्षं झाली होती.

मालकांनी विचारलं, थोडा तरी भार सोसेल ना? राहत्या खोलीला प्रत्येक चौरस मीटरला 200 किलो भार धरायचा असतो. या माळ्याला तो साडेपाच टन झाला. वर दोन इंच कोबा घालून ती फरशी बसवली, की आणखी तीन टनांच्या वर. आणि त्या दोन तुळयांच्या बरोबर खाली काकींची खाट.

हिशोब मी ओटीवरच बसून मांडला. लोखंडी आय सेक्शन, म्हणजे I आकाराच्या तुळया, आणि खांब 1,60,000. कौलं उतरवून त्यांच्याखालच्या रिपा बदलणं, खाली पत्रा आणि उष्णता अडवणारा थर 1,40,000. हा थर नसेल तर मे महिन्यात त्या खोलीत बसवत नाही. म्हणजे खोली दिसायला लागण्याआधीच तीन लाख संपले. जिना, दोन खिडक्या, सिमेंट बोर्डाची जमीन, वायरिंग धरून 5,10,000. कौलांचं काम मृगाच्या आत उरकायचं, नाहीतर थेट दिवाळीनंतर.

मालक बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. एकट्या तुळयांचंच काम करून ठेवलं तर, असं त्यांनी हळूच विचारलं. मी म्हटलं, मी असतो तर तेच केलं असतं. खोली पुढच्या वर्षी होईल.

"मगे गणपतीक पोरां खय निजतली?" काकींनी विचारलं.

"ओटीवर, काकी. दरवर्षी निजतात तशीच," मालक म्हणाले.

मी आधी खाट पडवीत हलवायला लावली. मग मालक, मी आणि माझा गडी अशा तिघांनी पोती एकेक करून खाली उतरवली. संध्याकाळी टेम्पोतून टेकू द्यायला चार जॅक आले. दोन्ही तुळयांखाली ते लावून, पाचरी ठोकून होईपर्यंत अंधार पडला होता. मालक बॅटरी धरून उभे होते. परत जाताना त्याच टेम्पोत त्यांनी फरशीचे खोके चढवून दिले.