बाबांची गोळी आणि तुरटीचा खडा

मंगळवारी सकाळी बाबा बेसिनपाशी हनुवटीवर तुरटी दाबून उभे. दाढी करताना जरासं कापलं होतं, पण दहा मिनिटं झाली तरी रक्त थांबेना. "बघ, या गोळ्यांनी रक्ताचं पाणी केलंय. आजपासून बंद." हार्ट अटॅक येऊन, स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) बसून जेमतेम पाच आठवडे झालेत! तेव्हापासून अ‍ॅस्पिरिन आणि आणखी एक, अशा दोन गोळ्या चालू आहेत, प्लेटलेटना (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींना) आवरणाऱ्या.

त्यात आमच्या कोथरूडात प्लेटलेट म्हटलं की डेंग्यूच. दोन वर्षांपूर्वी बाबांच्या 40 हजारांवर आल्या, तेव्हा शेजारच्या काकूंनी पपईच्या पानांचा रस आणून पाजला होता. (उपयोग काय झाला देव जाणे, पातेल्याचा वास मात्र आठवडाभर गेला नाही.) "तेव्हा वाढवायच्या होत्या, आता त्यांनाच गप्प बसवायचं?" बाबांचा सवाल काही चुकीचा नव्हता.

मुळात 'रक्त पातळ करायची गोळी' हे नावच घोटाळ्याचं. रक्त असतं तेवढंच दाट राहतं. कमी होतो तो प्लेटलेटचा चिकटपणा. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर धड असेल तर प्लेटलेट त्यावरून सुळकन पुढे जातात. ते फाटलं की खालचं कोलॅजन (भिंतीतलं तंतूंसारखं प्रथिन) उघडं पडतं, त्याला व्हॉन विलेब्रँड फॅक्टर या प्रथिनाचे लांब धागे धरतात आणि वाहत्या प्लेटलेट त्या धाग्यांना लटकतात. मग त्या रसायनं सोडून बाकीच्यांना बोलावून घेतात. हनुवटीवर हे हवंच, हृदयाच्या धमनीत नको. उंदरांवरच्या प्रयोगांत तर अटॅकनंतर हृदयापासून लांबच्या धमन्यांच्या अस्तरावरही प्लेटलेट चिकटलेल्या दिसल्या. ते वाचून मीच गार पडले.

बाबांना यातलं काहीच पटलं नाही. पटला तो हिशोब, शेवटी बँकेत जन्म गेलाय. अ‍ॅस्पिरिन लागलेली प्लेटलेट पुन्हा कामाची होत नाही, कारण तिच्यात केंद्रकच नसतं, गोळीनं बिघडवलेलं एन्झाइम (चिकटायला मदत करणारं प्रथिन) नव्यानं बनवणार कशी? पण ती जगते 8 ते 10 दिवस. म्हणजे रोज साधारण दहावा हिस्सा नवा, गोळी न लागलेला. म्हणून गोळी रोज.

"म्हणजे रोजच्या रोज क्लोजिंग," बाबा म्हणाले.

"हो. आणि ती दुसरी गोळी वेगळ्या वाटेनं तेच करते."

डॉक्टरांना फोन लावला. किरकोळ कापलं तर दाबून धरा, शौचाला काळं झालं तर लगेच या, गोळी मनानं बंद करायची नाही. बाबांनी फोन ठेवला, चष्मा लावला आणि स्ट्रिपच्या मागे बॉलपेननं बारीक अक्षरात तारखा घालायला बसले. तुरटी अजून हनुवटीलाच.