मेट्रो वनचा तारांचा पूल: गाडी अखेर सांध्यावरून पार

सुटला एकदाचा! माझ्या मुंबई मेट्रो वनच्या मॉडेलमधल्या, पश्चिम द्रुतगती महामार्गावरच्या पुलाचा प्रश्न सुटला. चार डब्यांची गाडी चकाल्याकडून येऊन पूल ओलांडते आणि स्टेशनात शिरते. जाताना नाही, येताना नाही, पूल जिथे पुढच्या मार्गाला जुळतो त्या सांध्यावर एकही बोगी रुळावरून उतरत नाही.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: वर्सोवा-घाटकोपर मार्ग, एन स्केल, १:१६०, म्हणजे सगळं खऱ्याच्या १६० पट लहान. ही मेट्रो स्टँडर्ड गेजवर धावते, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर १४३५ मिमी. १४३५ मिमीला १६० ने भागलं की ८.९७ येतात, म्हणजे बाजारातला ९ मिमीचा रूळ जवळजवळ तंतोतंत बसतो. लोकल गाड्यांची मॉडेलं करणाऱ्यांना, १६७६ मिमीच्या ब्रॉडगेजमुळे, हे सुख नाही. पूर्ण ११.४ किमी मार्ग या प्रमाणातही ७१ मीटर होतो, म्हणून मी चकाला ते अंधेरी एवढाच तुकडा घेतलाय.

आता पूल. डेकखाली, म्हणजे गाडी जिच्यावरून जाते त्या पुलाच्या फळीखाली, अॅल्युमिनियमची पट्टी घाल आणि तारा नुसत्या दिसायला लाव, असं बऱ्याच जणांनी सुचवलं होतं. मला ते पटत नाही. तारा भार घेत नसतील तर तो केबल-स्टेड पूल कसला? म्हणून डेक मुद्दाम पातळ ठेवला आणि गळाच्या नायलॉन दोरीने मनोऱ्यांना टांगला. उन्हाळाभर गाडी सुरेख धावली. पाऊस लागला आणि डेक मधोमध बसला. नायलॉन हवेतला ओलावा शोषतं आणि ढिलं पडतं. ताणून घेतलं, तर एसी चालू केल्यावर दोरी सुकून आखडायची आणि डेक वर उचलला जायचा. दोन्ही वेळा सांध्याशी रुळाला कोन पडायचा आणि पुढच्या बोगीचं चाक निसटायचं. मुंबईत जून ते सप्टेंबर मॉडेल चालवायचं असेल तर भार घेणाऱ्या जागी नायलॉन नकोच, हे माझं ठाम मत.

मग गिटारची पहिली तार आणली, ०.००९ इंची, म्हणजे साधारण ०.२३ मिमी. छंदाच्या दुकानातल्या महागड्या ‘मॉडेल केबल’पेक्षा ही सरळ, एकसारखी आणि कितीतरी स्वस्त. पण पोलाद ताणलं जातंच किती? तारेच्या टोकाचा दोन मिमीचा स्क्रू जरासा फिरवला की ताण कुठल्या कुठे जातो. एक तार घट्ट केली की मनोरा तिच्याकडे झुकतो, डेक तिथे उचलला जातो आणि शेजारच्या तारा सैल पडतात. त्या घट्ट करा, की पहिली सैल. या चक्रात कित्येक संध्याकाळी गेल्या.

वाट दाखवली शेजारच्या ताईंच्या तंबोऱ्याने. त्या खुंटीने तार जवळपास आणतात आणि मग घोडीमागचा मणी किंचित सरकवून नेमक्या सुरावर बसवतात. पुलालाही हेच हवं होतं! डेकखाली प्रत्येक तार स्क्रूपर्यंत आडवी जाते. तिथे तार आणि डेक यांच्यामध्ये पितळी मणी सरकवला. स्क्रूने ढोबळ ताण, मण्याने बारीक. आणि ताण मोजायला मोबाइलवरचं ट्यूनर अॅप, तार छेडली की तिची कंपनसंख्या दाखवणारं. खऱ्या पुलांवरही तारेच्या कंपनसंख्येवरून ताण काढतात. ताण दुप्पट झाला की कंपनसंख्या १.४१ पट होते. ताण तोच ठेवून लांबी दुप्पट केली की निम्मी.

एक गोष्ट लक्षात घ्या: सगळ्या तारांना सारखा ताण द्यायचा नाही. लांब तार जास्त आडवी असते. ती डेकशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर जेवढा भार उचलायचा त्याच्या दुप्पट ताण तिला लागतो. मी प्रत्येक तारेची कंपनसंख्या आधी कागदावर काढली, मग मनोऱ्यापासून बाहेर, समोरासमोरच्या जोड्या घेऊन, थोडं थोडं करत फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीत चूक कमी होत गेली. शेवटी डेकवर स्टीलची पट्टी ठेवली, तर खालून उजेड दिसेना. त्या क्षणाचा आनंद मला खूप दिवस पुरेल.

पुढचं काम अंधेरी स्टेशनाआधीचं छप्पर असं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, मॉडेलचं साल बदलावं. आत्तापर्यंत सगळं जून २०१४ चं, मार्ग सुरू झाला तेव्हाचं धरलं होतं. शेजारच्या मेट्रो सात मार्गाचं गुंदवली स्टेशन २०२३ च्या जानेवारीत सुरू झालं. ते साल धरलं तर मेट्रो सातला जोडणारा पादचारी पूलही दाखवता येईल, आणि त्यासाठी टेबलाच्या उत्तर कडेला जागा आहे. छप्पर थांबेल. आधी त्या पुलाची मापं फोटोंवरून काढतो. कोणाकडे महामार्गावरून काढलेले, गुंदवली आणि मेट्रो वनचं अशी दोन्ही स्टेशनं दिसणारे फोटो असतील तर जरूर पाठवा.