माळकरी माणूस वाइनच्या जत्रेत

शनिवार, रात्र

जर्मनीतल्या बर्नकास्टेल-कूसला आता रेल्वे जात नाही. जुन्या मार्गावर सायकलवाट झाली आहे. कोब्लेंत्सहून बराच वेळ मोझेल नदीच्या कडेनं येणारी गाडी विटलिशला सोडायची आणि पुढे बस धरायची. आज बसमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवार-रविवारला जोडून इथे मध्य मोझेलचा वाइन महोत्सव असतो आणि आजूबाजूच्या गावांतलं झाडून सगळं माणूस इकडे लोटतं. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पांढरी टोपी बघून एका आजीबाईंनी आपल्या पिशव्या मांडीवर घेतल्या आणि त्यांना शेजारी बसवून घेतलं. पुढचा सगळा रस्ता दोघं आपापल्या भाषेत गप्पा मारत होते.

अण्णांना इथे आणण्यावरून घरी फोनवर बरंच झालं होतं. आईचं म्हणणं, गळ्यात माळ असलेल्या माणसाला दारूच्या जत्रेत कशाला नेतेस? अण्णांचं म्हणणं, जत्रेशी मला काय करायचंय, बागा बघू. निफाड तालुक्यात आयुष्यभर द्राक्षं पिकवलेला माणूस फ्रँकफर्टच्या उंच इमारती बघून दोन दिवसांत कंटाळला होता, तेव्हा मलाही दुसरं काही सुचत नव्हतं.

गाव सुंदर आहे, अगदी नको इतकं. बाजारचौकात १६०८ सालचं नगरभवन, त्याच्यासमोर १६०६ सालचं संत मायकेलचं कारंजं, भोवती लाकडी चौकटींची, पुढे झुकलेली घरं. एका गल्लीच्या तोंडाशी १४१६ सालचं 'श्पिट्सहॉयशन' उभं आहे. खाली अरुंद, वर रुंद, निमुळतं छप्पर, आणि आत वाइनचा गुत्ता. तळमजला चिंचोळा ठेवला की गल्लीतून गाड्या जायला वाट राहते आणि वर खोली मोठी मिळते. फोटो काढणाऱ्यांची एवढी दाटी, की आम्ही ते घर बघितलं असं म्हणण्यापेक्षा लोकांचे वर केलेले हात बघितले म्हणावं. अण्णांनी लाकडी चौकटीवरून बोट फिरवलं, "वाळवी लागत नसेल इथे," एवढं बोलले आणि पुढे निघाले.

नदीच्या काठानं वाइनच्या टपऱ्यांची रांग आहे. पेल्यासाठी अनामत भरायची, तो पेला घेऊन हिंडायचं, परत केला की पैसे परत. आजोबा, सुना, बाबागाडीतली पोरं, कुत्री, सगळे एकाच बाकावर. आपल्याकडे हेच काम पाठ फिरवून, अंधारात, काळ्या पिशवीतून चालतं. इथे नातू आजीचा पेला भरून आणतो. मी अण्णांसाठी द्राक्षाचा रस घेतला, न आंबवलेला. माझ्यासाठी काय घ्यावं म्हणून घुटमळले, तर तेच म्हणाले, "तुझं तू घे. माळ माझ्या गळ्यात आहे." मी रिस्लिंग घेतली, त्याच नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची वाइन. सुरुवातीला जिभेला झोंबणारा आंबटपणा, मागून गोडी. अण्णांनी पेला माझ्या हातातून घेऊन नाकाशी धरला, बराच वेळ धरला, आणि न बोलता परत दिला.

मग डोंगर. गावाच्या शेवटच्या घरांची भिंत संपते तिथेच बाग सुरू होते आणि सरळ आकाशाकडे जाते. उतार इतका, की खालच्या ओळीतल्या माणसाच्या डोक्याच्या पातळीवर वरच्या ओळीतल्या माणसाचे पाय. माती अशी नाहीच, नुसते पाटीच्या दगडाचे करडे तुकडे, पाय ठेवला की खळखळ घसरतात. अण्णांनी वाकून एक उचलला. उन्हानं चांगला तापलेला होता. हे दगड दिवसभर ऊन साठवतात आणि रात्री वेलाला ऊब देतात. इतक्या उत्तरेला द्राक्ष पिकतं ते या दगडाच्या, दक्षिणेकडे तोंड केलेल्या उताराच्या आणि खालच्या नदीच्या जिवावर. अण्णांना हे समजावून सांगायला लागलं नाही. "आपण ऊन लागू नये म्हणून घडांना कागद बांधतो," ते म्हणाले, "आणि हे बिचारे ऊन गोळा करताहेत."

आपल्यासारखा मांडव नाही की वाय आकाराचे लोखंडी अँगल नाहीत. जुन्या बागांत प्रत्येक वेलाला स्वतःचा एकेक खांब, आणि दोन काड्या वाकवून दोन्ही बाजूंनी खांबाला बांधलेल्या, बदामाच्या आकारात. अण्णा अशा एका वेलापुढे किती तरी वेळ उभे होते. छाटणी कधी, हा त्यांचा पहिला प्रश्न. वर्षातून एकदा, हिवाळ्यात, वेल झोपलेला असताना, असं मी सांगितलं. आपल्याकडे वेलाला थंडीची झोपच मिळत नाही, म्हणून एप्रिलमध्ये नव्या काड्यांसाठी खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळासाठी गोडी छाटणी, आणि एवढं करून पीक एकच. "एकाच छाटणीत भागतं?" त्यांच्या आवाजात हेवा होता. मग मी त्यांना सांगितलं, की या दगडात मुळं खाणाऱ्या फिलॉक्सेरा किडीचं फारसं चालत नाही आणि म्हणून मोझेलच्या काही जुन्या बागांत वेल अजून स्वतःच्याच मुळांवर उभे आहेत. तेव्हा मात्र त्यांचा विश्वास बसेना. डॉगरिज खुंटावर कलम केल्याशिवाय द्राक्ष होतं, ही गोष्ट ते गावी गेल्यावर कुणाला पटवून देणार आहेत देव जाणे.

घड बघून त्यांची निराशा झाली. रिस्लिंगचे मणी बारके, आत बिया. "हे बघून व्यापारी गाडीसुद्धा थांबवणार नाही." पण तारेवर अडकवलेल्या तपकिरी प्लास्टिकच्या कुप्या त्यांनी लगेच ओळखल्या. मादी पतंगाचा गंध बागभर पसरवून नराला चकवायचं, म्हणजे घड पोखरणारी अळीच होत नाही. डाउनी नावाचा बुरशीचा रोगही दोघांचा सारखाच, आणि त्यावरचं आपलं बोर्डो मिश्रणही मुळात फ्रान्समधल्या बोर्दोचं. दाती असलेल्या एकाच रुळावरून इंजिनाची छोटी गाडी माणसाला बसवून चढणीवर नेते, ती बघितल्यावर अण्णा थेट किंमत विचारा म्हणून मागे लागले. विचारायला तिथे कुणी नव्हतं. जिथे तीही जात नाही तिथे पाठीवर डबा बांधून माणूसच चढतो. तोडणीला पोलंड-रोमानियातून मजूर येतात, आपल्या छाटणीला पेठ-सुरगाण्याहून येतात तसे.

गावाच्या डोक्यावर 'डॉक्टर' नावाचा एक मळा आहे, जेमतेम ३ हेक्टरांचा. कथा अशी सांगतात, की चौदाव्या शतकात ट्रिअरचा आर्चबिशप दुसरा बोएमुंड वरच्या लांड्सहूट किल्ल्यात तापानं फणफणला होता, वैद्य थकले आणि या मळ्याची वाइन पिऊन तो बरा झाला. हा किल्ला १६९२ साली जळाला, आता नुसत्या भिंती आहेत. १९०० साली कोब्लेंत्सच्या दाइनहार्ड कंपनीनं या मळ्याचा एक तुकडा घेतला तो वेलामागे १०० मार्क असा हिशोब पडेल इतक्या भावानं. अण्णांनी मनातल्या मनात आपल्या बागेतले वेल मोजले, हे मला त्यांच्या ओठांवरून कळलं. औषधाच्या कथेवर मात्र ते हसले. मी म्हटलं, तुम्ही रोज जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव घेता, ते काय असतं? "ते औषध आहे." अहो, तेही द्राक्षं आंबवूनच करतात. "बाटलीवर वैद्याचं नाव असतं," म्हणाले. मी म्हटलं, या मळ्याचं तर नावच डॉक्टर आहे! यावर ते पुढे चालू लागले.

दुपारी पूल ओलांडून कूसला गेलो. बर्नकास्टेल उजव्या काठावर, कूस डाव्या. १९०५ साली दोन्ही मिळून एक गाव झालं. या कूसमध्ये १४०१ साली एका नावाड्याच्या घरात निकोलाउस जन्मला. पुढे तो कार्डिनल झाला, तत्त्वज्ञ झाला, नाडीचे ठोके पाणघड्याळानं मोजावेत असं लिहून गेला. त्यानं १४५८ साली आपल्या गावात एक आश्रम उभारला. पन्नाशी उलटलेल्या ३३ गरजू पुरुषांसाठी, कारण येशूचं आयुष्य ३३ वर्षांचं. सहा धर्मगुरू, सहा सरदार घराण्यातले, २१ सामान्य लोक. खर्चासाठी जमिनी आणि द्राक्षमळे लावून दिले. आश्रम अजून वृद्धांसाठीच चालतो, आणि आश्रमाच्या मळ्यांची वाइन अजून निघते. १४६४ साली निकोलाउस इटलीत वारला. देह रोममध्ये पुरला आणि हृदय इथे आणून आश्रमाच्या चॅपेलमध्ये ठेवलं. हस्तलिखितांचं ग्रंथालय आम्हाला बघायला मिळालं नाही. चौकोनी अंगणाभोवतीच्या कमानींखाली एक म्हातारे गृहस्थ चाकाच्या खुर्चीत बसून उन्हाची वाट बघत होते. अण्णांनी त्यांना रामराम केला. त्यांनीही हात वर केला.

"म्हणजे साडेपाचशे वर्षं ही म्हातारी माणसं वाइनच्या पैशांवर जेवताहेत," बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले. त्यांना हे आवडलं की खटकलं ते मला ओळखता आलं नाही. बहुधा दोन्ही. आश्रमाच्या तळघरात मोझेलच्या वाइन चाखायला मिळतात, हे मी त्यांना सांगायचं टाळलं.

आजचा दिवस खरा घडला तो संध्याकाळी. एका टपरीवर गर्दी जरा ओसरली होती. आत साठीचा शेतकरी, स्वतःचीच वाइन विकणारा. अण्णा मला पुढे घालून त्याला प्रश्न विचारत सुटले. किलोला काय भाव मिळतो? त्याला प्रश्नच समजेना. तो बाटलीत मोजतो. अण्णा म्हणाले, माल पिकला की आठ दिवसांत विकावा लागतो, व्यापारी पाडून मागतो, कधी उधारीवर नेतो आणि फोन बंद करतो. तुमचं बरं आहे, तळघरात भरून ठेवलं की झालं. शेतकरी हसला. बाटली खपवायची तर गिऱ्हाईक हवं. ज्यांच्याकडे ते नाही ते पिंपं भरून मोठ्या तळघरवाल्यांना देतात, ते सांगतील त्या भावानं. मग त्यानं हात करून नदीपलीकडचा उतार दाखवला. हिरव्या ओळींमध्ये मधूनच झुडपांचे ठिगळ दिसत होते. सोडून दिलेल्या बागा. एवढ्या चढणीवर राबायला पुढची पिढी तयार नाही. तुमच्याकडे कोण बघतं, अण्णांनी विचारलं. मुलगी आहे, बर्लिनमध्ये नोकरी करते. मी हे भाषांतर करून सांगितलं, आवाजात काही येऊ न देता, आणि कांद्याचा केक आणायला निघून गेले. परत आले तर दोघं कागदावर काड्या काढून बसले होते. अण्णा त्याला खरड छाटणी शिकवत होते.

अंधार पडल्यावर किल्ल्याकडे आतषबाजी झाली. चांगली होती.

रविवार

आज मिरवणूक. गावोगावचे बँड, ट्रॅक्टरवर सजवलेल्या गाड्या, डोक्यावर मुकुट घातलेल्या वाइनच्या राण्या. इथल्या राणीला मोझेला म्हणतात. गाड्यांवरून लोक पेले भरून खाली देतात, रस्त्यावरचे आपले पेले वर करतात. तिसऱ्या-चौथ्या बँडनंतर सगळं सारखंच वाटायला लागलं. अण्णा मात्र शेवटपर्यंत उभे. दिंडीत कसं, आपली दिंडी गेली तरी मागची बघायची असते, तसं.

धोतर, टोपी आणि कपाळावर बुक्का. इतक्या पोशाखांच्या गर्दीत त्यांचा पोशाख उठून दिसतच नव्हता. एका जोडप्यानं त्यांच्याबरोबर फोटो काढला आणि मला विचारलं, हे कुठल्या वाइनगावाचे? मी अण्णांना नुसतं 'कुठले' एवढंच विचारलं.

"पिंपळगाव बसवंत, तालुका निफाड."

त्या बाईंनी ते नाव दोनदा म्हणून बघितलं आणि मोझेलच्या वरच्या अंगाला का, असं विचारलं. बसची वेळ झाली होती. बसमध्ये बसल्या बसल्या अण्णांनी धाकट्या काकांना फोन लावला, पाऊस थांबला का विचारलं, आणि गोडी छाटणीचे मजूर आत्ताच सांगून ठेव म्हणाले.