तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी कूपे सांभाळायला जड जाते का?

माझ्या कूपेभोवती, म्हणजे दोन दारांच्या स्पोर्टी गाडीभोवती, एक फेरी मारून झाली, बोनेटवर नजर फिरवून झाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘अशीच एक घ्यायची म्हणतोय. पंधरा-वीस वर्षं जुनी आहे, पण स्वस्तात मिळतेय. सांभाळायला जड जाते का हो?’ उभ्याउभ्या ‘जाते थोडी’ एवढंच सांगता येतं, म्हणून जरा बैजवार लिहितो.

स्वस्तात मिळते हे खरं आहे. पण वयाबरोबर उतरते ती गाडीची किंमत, सुट्या भागांची नव्हे. नवी असताना ती ज्या वर्गातली होती, त्याच वर्गाच्या भावाने तिची ब्रेक डिस्क, शॉकअ‍ॅब्सॉर्बर आणि क्लच आजही येतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, हे इथे शब्दशः घडतं. तेव्हा खर्चाचा अंदाज बांधताना विकणारा सांगतोय तो आकडा विसरा, तिची नवेपणीची किंमत शोधा.

दिलासा एवढाच, की बऱ्याच कूपेंच्या पोटातली यंत्रं त्याच कंपनीच्या साध्या भावंडांची असतात. 1997 ची फोर्ड प्यूमा फिएस्टावर बेतलेली, ओपल कॅलिब्रा व्हेक्ट्रावर, पहिली ऑडी टीटी चौथ्या पिढीच्या गोल्फच्या प्लॅटफॉर्मवर. म्हणजे वॉटर पंप, बेअरिंग, बुश (सांध्यांतले रबरी तुकडे), सेन्सर सहसा मिळून जातात. अडतं ते बाहेरच्या अंगावर. मागचे दिवे, दाराची काच, बंपर, काचेभोवतीचं रबर हे फक्त त्याच मॉडेलचं, आणि ते मॉडेल तर कधीच बंद झालेलं. म्हणून मी आधी इंजिन बघतच नाही, बॉडी बघतो. इंजिनाचं काम निघालं तर करून घेता येतं. मागच्या दिव्याची तडकलेली काच मात्र चांगला मिस्त्रीही बनवून देऊ शकत नाही.

दारापासून सुरुवात करा. कूपेला दारं दोनच, त्यामुळे ती लांब आणि वजनदार, आणि सगळा भार बिजागऱ्यांवर. दार अर्धं उघडा, टोकाला खालून हात लावून वर उचलून बघा. खालीवर हललं तर बिजागरीच्या पिना झिजल्यात. आता हँडल ओढून काचेकडे लक्ष द्या. पुष्कळ कूपेंच्या काचेला चौकट नसते. दार उघडताना काच सेंटीमीटरभर खाली सरकते आणि बंद केल्यावर वर जाऊन रबरात बसते. हे करवून घेणारा छोटा स्विच दाराच्या लॉकमध्ये असतो. तो गेला की काच सरकत नाही, दर वेळी रबराला घासते, रबर फाटतं आणि पाणी आत येतं. ते गालिच्याखाली साचतं, तिथून सीटखालच्या वायरिंगच्या जोडांत जातं, आणि मालक तुम्हाला सांगतो, ‘इलेक्ट्रिकलचा किरकोळ प्रॉब्लेम आहे.’ गालिचा उचलून खालच्या स्पंजवर तळहात दाबा. ओल लागली तर तो प्रॉब्लेम किरकोळ नाही.

आता इंजिन. गाडी किती किलोमीटर पळाली याची चौकशी सगळे करतात, पण वीस वर्षांच्या गाडीत वयच जास्त बोलतं. रबर आणि प्लॅस्टिक उभ्या गाडीतही म्हातारं होतं. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताल जुळवणारा रबरी पट्टा) असलेल्या इंजिनात तर हा प्रश्न जिवावरचा, कारण अशा बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावंच लागतं. बेल्टची मुदत किलोमीटरमध्ये असते तशी वर्षांतही असते. गाडी झाकून ठेवली होती म्हणून बेल्ट नवा राहत नाही. आणि बदलायचाच तर टेन्शनर, आयडलर (बेल्ट ताणून धरणाऱ्या नि वळवणाऱ्या पुली) आणि बेल्टवर फिरणारा वॉटर पंपही त्याच वेळी बदला. तिथवर पोचण्याची मजुरी दोनदा कशाला भरायची?

त्याच्या खालोखाल कूलिंग. रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या आणि कूलंटची बाटली ठिसूळ होते, होसेस फुगतात, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारा-मिटणारा व्हॉल्व्ह) अडकतो. गाडी एकदा जोरात हीट झाली की अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं आणि हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, जातं. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला, किंवा कूलंट कमी होतंय पण गळती कुठेच दिसत नाही, तर हे कदाचित आधीच घडलेलं आहे. त्यामानाने टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) गॅस्केट गळून स्पार्क प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचणं, त्यामुळे इंजिन मिस करणं, हे जुन्या इंजिनाचं सर्दी-पडसं समजा.

काही मॉडेलांची दुखणी जगजाहीर आहेत, ती आधी माहीत करून घ्या. 2003 ते 2012 या काळात निघालेल्या माझदा आरएक्स-8 चं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं) बांधणीनेच थोडं ऑइल जाळतं. थंड असताना सुरू करून, दोन मीटर मागे घेऊन लगेच बंद केलं तर पेट्रोलने भरून बसतं आणि पुन्हा सुरूच होत नाही. त्याच्या एपेक्स सीलची, म्हणजे रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्यांची, झीज साध्या कॉम्प्रेशन गेजवर (इंजिनातला दाब मोजणाऱ्या मीटरवर) नीट कळत नाही, रोटरीसाठीचा वेगळा टेस्टर लागतो. अमेरिकेत माझदाने त्या इंजिनाची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1,00,000 मैलांपर्यंत वाढवली होती, यावरून काय ते ओळखा. पोर्शेच्या बहुतेक 996 मध्ये इंटरमीडिएट शाफ्टचं (इंजिनातल्या मधल्या दांड्याचं) एक बेअरिंग असतं. ते फुटलं तर अख्खं इंजिन जातं. बीएमडब्ल्यूच्या ई-46 ला मागची सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन धरणारा सांगाडा) जिथे बसते तिथला पत्रा तडकतो, म्हणून ती लिफ्टवर चढवल्याशिवाय सौदा करू नये.

मजुरीचं गणित तर बहुतेकजण धरतच नाहीत. छोट्या बोनेटखाली मोठं इंजिन कोंबलेलं असतं. आडव्या बसवलेल्या व्ही-6 मध्ये (सहा सिलिंडरच्या इंजिनात) मागच्या बाजूचे तीन स्पार्क प्लग बदलायला अनेकदा इनटेक मॅनिफोल्ड (हवा आत नेणाऱ्या नळ्यांचा संच) उतरवावा लागतो. पोर्शे 944 चा गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी असतो, तर क्लच पुढे इंजिनाजवळ. त्यामुळे क्लच बदलायचा म्हणजे सायलेन्सरपासून गिअरबॉक्सपर्यंत सगळं खाली घ्यायचं. तेव्हा टेस्ट ड्राइव्हला क्लच कुठे पकडतो हे बघाच. वरच्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम चढले पण वेग चढला नाही, तर क्लच प्लेट संपलीये. न्यूट्रलमध्ये खडखड येते आणि क्लच दाबताच थांबते, तेव्हा बहुधा गिअरबॉक्सचं बेअरिंग किंवा ड्युअल मास फ्लायव्हील (क्लचमागचं दोन तुकड्यांचं जड चाक) गेलेलं असतं.

सस्पेन्शनबद्दल थोडक्यात: बुश आणि बॉल जॉइंट झिजलेले असणारच, ते खर्चात धरूनच चला. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे मात्र वाचा. 3214 म्हणजे 2014 च्या 32 व्या आठवड्यातला टायर. खाच कितीही खोल दिसो, एवढ्या वयाचा टायर बदलायचाच. पुढचे-मागचे टायर वेगवेगळ्या रुंदीचे असतील तर अदलाबदलही करता येत नाही.

आणि स्प्रिंगा कापून खाली बसवलेली, मोठा सायलेन्सर लावलेली गाडी कितीही आवडली तरी मी घेत नाही. ती कशी पळवली असेल हे तिच्याकडे बघूनच कळतं.

तर जड जाते का? रोजच्या वापरासाठी ही एकच गाडी असेल तर जाते, कारण एखादा भाग महिनाभर आला नाही म्हणून कामाला जायचं थांबत नाही. दुसरी गाडी हाताशी असेल आणि खरेदीच्या रकमेचा निदान तिसरा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवता येत असेल, तर खुशाल घ्या. फक्त चकचकीत पॉलिशला भुलू नका, बिलांची फाइल मागा. तिच्यात टायमिंग बेल्टचं बिल नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरा आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला सांगा. मालक नाही म्हणाला, तर दुसरी बघा.