कान लावण्याआधी बोटं लावा

म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा पेपर कितीही छान जावो, वॉर्डात पहिली परीक्षा बीपीच्या पट्ट्याचीच. पुढे मेडिसिन करायचं म्हणणाऱ्यांनी तर हे आधी पक्कं करावं.

निफाडहून सकाळची एसटी पकडून आलेल्या आजोबांचं बीपी आल्याआल्या घेऊ नका. जिना चढलेत, वर टपरीवरचा चहा. चहा-तंबाखूला अर्धा तास होऊ द्या, पाच मिनिटं पाठ टेकून बसू द्या. "बाबा, पायावर पाय नका ठेवू," एवढं सांगा. दंड हृदयाच्या पातळीला, पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीच्या २-३ सेंमी वर. बाही वर सरकवून नव्हे, काढून.

खरी चूक पुढे होते: थेट स्टेथो लावतात. आधी मनगटाची नाडी धरून फुगवा. ती ज्या आकड्याला हरवेल त्याच्या आणखी ३० मिमी वर न्या, मग स्टेथो लावून सेकंदाला २-३ मिमीने हवा सोडा. काहींचे आवाज मध्येच गायब होऊन पुन्हा येतात. नाडी न बघता १५० पर्यंतच फुगवलं, तर १८० चं बीपी १४० वाटतं आणि आजोबा गोळीविना घरी जातात. पहिला ठोका वरचा आकडा, आवाज पूर्ण थांबला की खालचा.

आणि सगळ्यांचं १२०/८० लिहू नका. सिस्टरना लगेच कळतं.